दुकानाचे डोळे

त्या काळी जळगावातले मेलेले पुरुष सगळे एकच कोट घालायचे. निळा, दोन बटणांचा, आत पांढरा शर्ट आणि लाल टाय. जन्मभर धोतर नाहीतर पायजम्यात वावरलेला माणूस भिंतीवर चढला की टायमध्ये. तो कोट आमच्या दुकानातला होता. कॉम्प्युटरमध्ये ठेवलेला असायचा, आणि ज्याचा फोटो येईल त्याचं डोकं कापून आम्ही त्यावर बसवायचो. मान नीट बसली नाही तर कॉलर थोडी वर ओढायची.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी बारावीनंतर टायपिंग शिकले, मग कॉम्प्युटरचा क्लास केला आणि एका डीटीपीच्या दुकानात लागले. लग्नपत्रिका, लेटरहेड, दहाव्याचे कागद आणि फोटो मोठे करणं, ही आमची कामं. दुकानाच्या मालकाला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. माणूस दिलदार, हात सफाईदार, आणि खरं-खोटं या भानगडीत फारसा न पडणारा. घरच्यांना बरं वाटलं म्हणजे झालं, हे त्याचं तत्त्व. मला ते तेव्हा पटायचंही.

बायकांसाठी साडी होती, मोतिया रंगाची, जांभळ्या काठाची. आणि बायकांसाठी डोळेही होते. लोक फोटो आणायचे ते कसले? कुठल्याशा ओळखपत्रावरचा, अर्ध्या तोंडावर शिक्का उठलेला. नाहीतर ओल आलेल्या भिंतीवरून काढलेला, काचेला चिकटून फाटलेला. अशा चेहऱ्यात डोळ्यांच्या जागी नुसता डाग. भाऊ म्हणायचा, "डोळे बसले की माणूस बसतं." धुळ्याच्या कुणा मुलीचा लग्नासाठी काढलेला मोठा, लख्ख फोटो एकदा दुकानात आला होता. एकेक पापणी मोजून घ्यावी असा. तिचे डोळे भाऊने कापून ठेवले, आणि गरज पडेल तिथे ते बसवायचा. थोडे लहान करायचे, थोडे सावळे, वयस्क बाईला खाली सुरकुती. ओळखू येत नसत. म्हणजे दुसऱ्यांना.

मला यायचे. एकदा नशिराबादला मैत्रिणीची आजी गेली म्हणून भेटायला गेले. दुपारची वेळ, बायका भिंतीला टेकून बसलेल्या, आणि समोर हार घातलेल्या फोटोतून आजी माझ्याकडे बघत होती, दुकानाच्या डोळ्यांनी. पाणी पिऊन निघाले, तर चार घरं सोडून एका उघड्या दारातून तेच डोळे दिसले. दुसरी बाई, दुसरं कुंकू, नजर तीच. त्या दिवसापासून मी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंती बघायचे. ती धुळ्याची मुलगी कुठेतरी संसार करत असेल, पोळ्या लाटत असेल, आणि इकडे निम्म्या जिल्ह्यात तिच्या नजरेला हार चढत होते. तिला कधी उगाच उचकी लागत असेल का, असं माझ्या मनात यायचं. 

आता माझ्या घरचं सांगते. मी पाळण्यात होते तेव्हाच माझी आई गेली. वडील, म्हणजे नाना, पिंपळनेरकडे गावी शेती करत राहिले, एकटे. मला त्यांच्या बहिणीने वाढवलं, जळगावात. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. फुईला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेलेला, जीभ तिखट आणि माया त्याहून जास्त. आमचं भाड्याचं घर म्हणजे रेल्वेच्या डब्यासारख्या एकामागे एक तीन खोल्या. मागे डाळ मिल, त्यामुळे बारा महिने घरात तुरीचा वास.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, नाहीतर आंबा ठेवायचा, निखाऱ्यावर घास टाकायचा. घागर खरं तर नानांच्या घरी भरायची. पण फुई म्हणायची, जिथे चूलच धड पेटत नाही तिथे घागर कोणासाठी भरायची? म्हणून दर आखाजीला नानाच आंब्यांची पाटी घेऊन जळगावला येत, आणि माझ्या आईची घागर फुईच्या घरी, मागच्या खोलीतल्या कोऱ्या भिंतीखाली भरली जाई. घास टाकताना मी भिंतीकडे बघायची. सगळे हात जोडायचे, आणि मला कुणाला हात जोडायचे ते कळायचं नाही. याचा मला राग यायचा, रडू नाही.

"बठ्ठासना घरमा फोटो शे, आपलाच घरमा नही," फुई दर वर्षी म्हणायची. सगळ्यांच्या घरी आहे, आपल्याच घरी नाही.

फोटो नव्हता असं नाही. एक होता. धुळ्याकडच्या एका लग्नातला, काळा-पांढरा, मांडवाखाली नवरा-नवरी आणि मागे सगळं वऱ्हाड. शेवटच्या रांगेत, खांबाजवळ, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. ती आई, असं फुईने लहानपणी बोट ठेवून दाखवलं होतं. बोट ठेवलं की आई झाकली जायची, एवढा तो चेहरा. बाजरीचा दाणा. मी भिंग घेऊन बघितलं होतं. भिंगात दाणा मोठा दिसला, आई नाही.

कशी होती, म्हणून नानांना विचारलं की ते म्हणत, "जशी व्हती तशी व्हती." फुई थोडं जास्त सांगायची. रंग निमगोरा, चालणं झपझप, आणि "तिना डोया बारीक व्हतात, ऊनमा त मिटेलच दिखेत." या बारीक डोळ्यांवर मी माझं सगळं बालपण काढलं. आरशात स्वतःचे टपोरे डोळे बघून मला वाईट वाटायचं, की हे तिचे नाहीत.

तर आखाजी महिन्यावर आली असताना मी तो फोटो दुकानात नेला. या वेळी भिंत कोरी ठेवायची नाही, असं ठरवूनच. आईचा चेहरा मला एकदा बघायचा होता. बाकी काही नको होतं.

गिऱ्हाइकं एक गोष्ट कधी समजून घ्यायची नाहीत, आणि मी त्यांच्यावर खेकसायची. "कॉम्प्युटर आहे ना, मग करा की मोठा!" अहो, कॉम्प्युटर आहे, कारखाना नाही. आमच्या घरामागच्या डाळ मिलमध्ये तूर वाळत घालायचे. एक पोतं लहान ओट्यावर पसरलं तर खालची फरशी दिसत नाही. तेच पोतं सगळ्या अंगणभर पसरा, दाण्यादाण्यातून फरशी दिसते. अंगण मोठं केलं म्हणून तूर वाढत नाही. फोटोचं हेच. स्कॅनर फोटोचे ठिपके करतो, आणि ते जेवढे निघाले तेवढेच. इंचाला तीनशे या हिशेबाने दाटीने छापले तर डोळ्याला ठिपका दिसत नाही, माणूस दिसतो. तेच ठिपके मोठ्या कागदावर पसरले की प्रत्येक ठिपका फुगून चौकोन होतो, आणि माणूस विरत जातो.

आता माझीच पाळी होती. आईचा चेहरा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीनशेने स्कॅन केला तर कपाळापासून हनुवटीपर्यंत सदतीस ठिपके. एवढीच आई शिल्लक होती. नीट, स्वच्छ छापायची तर पुन्हा बाजरीच्या दाण्याएवढीच छापावी लागणार. फुटभर करायची तर इंचाला तीनच ठिपके, एकेक चौकोन बोटाच्या नखाएवढा. मी आकडा वाढवून बघितला, सहाशे, बाराशे. ठिपके वाढले, पण ते आईचे नव्हते. कागदाची खरबड होती, बुरशी होती, कधीतरी फुईच्या बोटाचा उठलेला ठसा होता. जे त्या कागदावर कधी उतरलंच नव्हतं ते स्कॅनर कुठून आणणार?

कॉम्प्युटरला एक सोय असते. दोन ठिपक्यांच्या मधले ठिपके तो आपल्या मनाने भरतो. इकडचा काळा, तिकडचा पांढरा, मग मधला करडा असेल, असा अंदाज. पेरलं नाही ते उगवतं. मी ती कळ दाबली. चौकोन गेले, आणि ओल्या पदराआड कुणीतरी तोंड आणावं तसं काहीतरी पडद्यावर आलं. नाक आहेसं वाटे, तोंड आहेसं वाटे. बघत राहिलं की ते श्वास घेतंय असा भास व्हायचा. भर दुपारी, बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत असताना, मी घाबरून चौकोन परत आणले.

तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ आले. उन्हातून आलेले, डोळे किलकिले, डोक्याला उपरणं. बाहेरूनच म्हणाले, "बाई, त्या आत बसल्यात त्यांचं होऊ द्या आधी. मी थांबतो."

"आत कोणी नाही, आबा," मी म्हटलं.

"असं कसं? त्या काय, पदर घेतलेल्या." त्यांनी पडद्याकडे बोट केलं, मग उंबरा ओलांडून दोन पावलं आत आले आणि थबकले. "अरेच्चा," एवढंच म्हणाले, आणि आपलं काम न सांगताच निघून गेले.

मी धावत दारात गेले. जिथे ते उभे होते तिथे उभी राहिले, आणि डोळे ताणून, अगदी फाडून बघितलं. चौकोन. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. नुसते चौकोन. त्या अनोळखी माणसाला माझी आई दिसली होती आणि मला दिसत नव्हती. मी पायरीवर बसले आणि मला त्या म्हाताऱ्याचा असा काही मत्सर वाटला की सांगता सोय नाही. उठून मी ते चौकोन जसेच्या तसे लहान लहान कागदांवर छापले, कागद एकमेकांना चिकटवले, गुंडाळी केली आणि घरी नेऊन कपाटावर ठेवून दिली. निदान त्यात दुसऱ्या कुणाचं काही नव्हतं.

मी दोन दिवस तोंड पाडून होते. भाऊने कॉम्प्युटरमधली आई कधी उघडून बघितली ते मला कळलंही नाही. आखाजीच्या चार दिवस आधी संध्याकाळी घरी आले तर मागच्या खोलीत फुई पदराने काच पुसत होती. भाऊने रिक्षातून फ्रेम पाठवली होती, पैसेही घेतले नव्हते. रंगीत, मोठा फोटो. मोतिया साडी, जांभळे काठ. धुक्याचा चेहरा गुळगुळीत झालेला, आणि त्यात ते डोळे. आई माझ्याकडे नशिराबादच्या आजीसारखी बघत होती.

"हाईच ती," फुई म्हणाली आणि रडायला लागली. "हुबेहूब."

"फुई, ते डोळे दुकानातले आहेत. तूच सांगायचीस, तिचे डोळे बारीक होते."

फुईने माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी भलतं बोलतेय. "मी कव्हय सांगं? तिना डोया आसाच व्हतात. मोठा. टपोरा."

मला वाटलं ती फोटोचा मान ठेवून बोलतेय. पण दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, तिलाही फुईने तेच सांगितलं. त्या डोळ्यांच्या गोष्टी सांगितल्या. म्हणे, लग्नात सासूने त्या डोळ्यांचीच तारीफ केली होती. फुई खोटं बोलत नव्हती. तिला खरंच आठवत होतं. कॉम्प्युटरने जे केलं होतं तेच फुईच्या डोक्यात झालं होतं. मधल्या रिकाम्या जागा भरल्या गेल्या, आणि जे सदतीस ठिपके होते तेही खाली दबले. लहानपणी माझ्या उशाशी बसून बारीक डोळ्यांची आई सांगणारी फुई आता त्या आईला ओळखत नव्हती. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

आता आईचा चेहरा जगात एकाच ठिकाणी उरला होता, नानांच्या डोक्यात. आणि नाना आखाजीला येणार होते. त्या फोटोसमोर बसून जेवणार होते. एक जेवण, एक दुपार पुरली असती. ते परत गावी जाताना त्यांच्याबरोबर धुळ्याची ती मुलगी गेली असती, आणि माझी आई कुठेच राहिली नसती.

आखाजीच्या सकाळी फुई पुरणात गुंतली होती. मी स्टूल घेतलं, फ्रेम उतरवली, तोंड भिंतीकडे करून कपाटामागे उभी केली, आणि त्या जागी गुंडाळी उलगडून टाचण्या मारल्या. फुई घागर घेऊन आली आणि बघतच राहिली.

"सणना दिन आन भितले गोधडी टांगस का वं?" ती ओरडली. "उतार ते! तुना बाप काय म्हनी?"

"नानांना बघू दे. ते म्हणाले तर उतरवेन."

"तू मायवर नही, बापवर नही. तू कोनवर गई व्हई?"

ती रागारागाने घागर मांडत होती, मी दारात उभी होते, आणि तेवढ्यात नाना गल्लीत दिसले. डोक्यावर आंब्यांची पाटी, ऊन मी म्हणत होतं. त्यांनी पाटी ओट्यावर ठेवली, टोपीने तोंड पुसलं आणि उंबऱ्यात आले. तिथून मागची भिंत सरळ दिसायची, तीन खोल्यांपलीकडे, अंधारात. उन्हामुळे त्यांचे डोळे मिटल्यासारखे झाले होते.

ते थांबले. एक पाय आत, एक बाहेर.

"कव्हय उनी तू?" नाना म्हणाले.

आखाजीला माहेरी आलेल्या बाईला सगळे असंच विचारतात. कधी आलीस? आवाजही तसाच होता, साधा, थोडा खूश. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, पण ते मला विचारत नव्हते. मागच्या खोलीत फुईच्या हातातलं डांगर तसंच राहिलं. तिने आधी आमच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि ती भिंतीपासून दोन पावलं सरकली.

"कागद शे तो," फुई शेवटी हळूच नानांना म्हणाली.

"माले म्हाईत शे," नाना म्हणाले.

ते पुढे निघाले. पहिली खोली ओलांडली. दुसऱ्या खोलीच्या मध्यावर त्यांची पावलं मंदावली, आणि मला कळलं की ती आता विरायला लागली असणार. आणखी एक पाऊल टाकलं आणि ते थांबले. मग न वळता, तसेच मागे मागे येत उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच खाली बसले.

"माले आठेच वाढ," ते फुईला म्हणाले.

फुईने मुकाट्याने निखाऱ्यावर घास टाकला, हात जोडले आणि ताट उंबऱ्याशी आणून ठेवलं. मी नानांच्या शेजारी बसले. ते जेवत होते, अधूनमधून मान वर करून भिंतीकडे बघत होते. मीही बघत होते, त्या दिवशी दुकानात बघितलं तसंच, डोळे ताणून. चौकोन, चौकोन. माझा बांध फुटला.

"नाना, मला दिसत नाही हो. सगळ्यांना दिसते, मला का दिसत नाही?"

त्यांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "इतला डोया फाडीसन कोनी दिखस का?" ते म्हणाले. "बारीक कर. ऊनमा करतस तशा. मंग दिखी."

मी डोळे बारीक केले. पापण्यांमधून नुसती फट राहिली. चौकोनांच्या कडा पुसल्या, करडं आणि काळं एकमेकांत मिसळलं, आणि खांबाला टेकून एक बाई उभी राहिली. पदर कपाळावर ओढलेला, हनुवटी थोडी वर, ओठ काहीतरी बोलायच्या बेतात. डोळे उन्हाने मिटल्यासारखे. माझ्यापेक्षा लहान पोर होती ती. माझी आई. मी श्वास रोखून धरला, हलले तर ती जाईल म्हणून.

"दिखनी का?" नानांनी विचारलं.

मी मान हलवली. डोळे तसेच बारीक ठेवून, हसून त्यांच्याकडे वळले.

त्यांचा हात ताटातच राहिला होता. ते भिंतीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, मघाशी उंबऱ्यातून बघितलं तसंच, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मागे फुई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिच्या तोंडून "अगं माय," एवढंच निघालं.

"बस आते," नाना म्हणाले. "उघड डोया, बेटा."